काकडा ते कीर्तन

पहाटे ३.३०

माघातली थंडी पेडगावात अजून टिकून आहे. मफलर बांधून घराबाहेर पडतो तेव्हा गल्लीत कुणी नसते, फक्त देवळाच्या कळसावरचा दिवा जळत असतो. सप्ताहाचा आज चौथा दिवस. मंडपात एक जण गळ्यात वीणा घालून उभा आहे. त्याचा पहारा तीन ते चारचा. सात दिवस ही वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती सरळ दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाऱ्यांची यादी खांबाला चिकटवलेली असते आणि पुढचा माणूस वेळेआधी पाच मिनिटे येऊन शेजारी उभा राहतो.

देवळामागे भजनाचे साहित्य ठेवायची खोली आहे. पखवाज, टाळांची पोती, सतरंज्या, आणि कोपऱ्यात एका पाटावर माझा सर्व्हर. सर्व्हर म्हणजे एका कार्यालयाने विकून टाकलेला जुना संगणक. आठ जीबी मेमरी, आत एक टेराबाइटची डिस्क, बाहेर यूएसबीला जोडलेल्या चार-चार टेराबाइटच्या दोन. वर डेबियन लिनक्स. मंडपातल्या दोन कॅमेऱ्यांचे चित्र नेटवर्क केबलने येते आणि एफएफएमपेग हा प्रोग्राम ते जसेच्या तसे डिस्कवर उतरवतो. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला २४ मेगाबिट, म्हणजे ३ मेगाबाइट. तासाला एका कॅमेऱ्याचे १०.८ जीबी, दोन्हींचे २१.६. हे आकडे मला आता पाढ्यासारखे पाठ आहेत, कारण गेल्या वर्षीची सगळी गडबड याच आकड्यांत दडलेली होती आणि मी ते मांडून पाहिले नव्हते.

पहाटे ४.००

काकडा सुरू. दोन्ही कॅमेऱ्यांची नोंद चालू झाल्याची ओळ पडद्यावर येते: चार वाजून शून्य मिनिटे. या एका ओळीसाठी मी बराच खपलो.

काकड्याला माणसे थोडी असतात, पण जी असतात ती पक्की असतात. आमच्याकडे एक आबा आहेत, ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या काही चाली गावात दुसऱ्या कुणाला येत नाहीत. त्या कुणाकडून शिकलात म्हणून विचारले तर म्हणतात, "शिकवलं कुणी न्हाई, कानावर पडलं." कानावर पडलेले पुढच्याच्या कानावर पडायचे तर आबांचा आवाज कुठेतरी धरून ठेवायला हवा. म्हणून कॅमेरा, म्हणून सर्व्हर, आणि म्हणून साठवण.

सकाळी ६.००

काकडा संपला. दोन तासांचे ४३ जीबी आतल्या डिस्कवर बसले. इथे मी एकच गोष्ट करतो. पूर्ण झालेल्या फायली 'चालू' या फोल्डरमधून 'वाट' या फोल्डरमध्ये सरकवतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काम होते.

ही गोष्ट नवख्याला जादूसारखी वाटते. ४३ जीबी एका क्षणात कशी गेली? ती कुठेच जात नाही. दोन्ही फोल्डर एकाच डिस्कच्या एकाच विभागात असले की लिनक्स फक्त नोंदवहीतले नाव बदलतो, जसा तलाठ्याच्या दप्तरात फेरफार होतो आणि जमीन जागची हलत नाही. हाच हुकूम बाहेरच्या डिस्ककडे दिला तर मात्र एकेक बाइट उचलून तिकडे न्यावा लागतो आणि मग इकडचा पुसावा लागतो. हुकूम एकच, पण एक काम क्षणाचे आणि दुसरे तासाचे. गेल्या वर्षी मी प्रत्येक कार्यक्रमानंतर हे दुसरे काम करत होतो.

सकाळी ७.००

ज्ञानेश्वरी पारायण. वाचायला बसणाऱ्यांत यंदा बायका जास्त आहेत. माझ्या पुतणीचे हे पहिलेच पारायण. ओवी चुकली की ती शेजारच्या काकूंच्या पानावरच्या बोटाकडे पाहते. साडेदहापर्यंत चालेल. गेल्या वर्षी पारायणालाही दोन कॅमेरे लावायचो. यंदा एकच. साडेतीन तास पोथीकडे मान घालून बसलेल्या माणसांना दोन बाजूंनी टिपण्यात अर्थ नव्हता. साठवणीचा ताण कमी करायची पहिली जागा कॅमेऱ्यापाशीच असते, हे मला उशिरा कळले.

आता गेल्या वर्षीचे सांगतो. मी एक साधी स्क्रिप्ट लिहिली होती. वेळापत्रक वाचायचे, कार्यक्रमाची नोंद करायची, संपली की त्या फायलींचा टारने गठ्ठा बांधायचा, जीझिपने दाबायचा, बाहेरच्या डिस्कवर ठेवायचा आणि मग वेळापत्रकातली पुढची ओळ घ्यायची. कागदावर सरळ दिसते. मी ती काकड्यावर तपासली. सहाला काकडा संपला, ४३ जीबीची साठवण ३६ मिनिटांत झाली आणि सातच्या पारायणाला यंत्र तयार होते. मला वाटले, जमले.

पण पारायणानंतर फक्त अर्धा तास मोकळा असतो. दोन कॅमेऱ्यांचे साडेतीन तास म्हणजे ७५ जीबी. जुन्या प्रोसेसरवर जीझिप सेकंदाला २० मेगाबाइट दाबायचा. ७५ जीबीला तास लागतो. अकराला गाथा भजन सुरू झाले आणि यंत्र अजून पारायण बांधत बसले होते. नोंद सुरू झाली ११.३३ला. दुपारी तेच पुन्हा. प्रवचन चार ते पाच, त्याला लागून हरिपाठ. प्रवचनाचे २१ जीबी बांधायला १८ मिनिटे, म्हणून हरिपाठाची पहिली १८ मिनिटे गेली. सातही दिवस.

वीणेच्या पहाऱ्यात असे कधी होत नाही. उतरणाऱ्याने आधी घरी जाऊन जेवावे आणि मगच पुढच्याने वीणा घ्यावी, असे कुणी म्हणत नाही. माझ्या स्क्रिप्टमध्ये नेमके तेच लिहिलेले होते.

सकाळी १०.३०

पारायण थांबले. चहाची किटली फिरते. मी खोलीत जाऊन एकाच आकड्याकडे पाहतो: प्रोसेसर डिस्कची वाट पाहण्यात किती वेळ घालवतोय तो. लिनक्समध्ये याला आयओवेट म्हणतात. आत्ता दोन टक्के. परवा याच वेळी तो साठच्या वर होता.

परवाची गोष्ट अशी. गेल्या वर्षीची चूक मी यंदा सुधारून आलो होतो. साठवण पार्श्वभूमीवर टाकली, म्हणजे नोंद तिच्यासाठी थांबणार नाही. पहिले दोन दिवस नोंदी वेळेवर सुरूही झाल्या. पण चित्र मध्येच अडखळायचे. दहा-वीस सेकंद ठीक, मग एक धक्का, मग पुन्हा ठीक. दुसऱ्या दिवशीच्या गाथा भजनात असे अकरा धक्के मोजले.

कारण शोधायला अर्धी रात्र गेली. नोंद आणि साठवण एकमेकींसाठी थांबत नव्हत्या, पण दोघींचा रस्ता एकच होता. आतल्या डिस्कची सुई नोंदीसाठी एका जागी लिहायची आणि साठवणीसाठी दुसऱ्या जागेवरून वाचायची. फिरत्या डिस्कमध्ये ही ये-जा सगळ्यात महाग पडते.

दुसरे कारण त्याहून आडबाजूला होते. लिनक्स लिहायचा मजकूर लगेच डिस्कवर नेत नाही, आधी मेमरीत धरतो. असा न उतरलेला मजकूर ठरावीक मर्यादेपलीकडे साचला, आणि मूळ मांडणीत ती मर्यादा उपलब्ध मेमरीच्या २० टक्के असते, की लिहिणाऱ्यांना हात आखडायला लावले जाते. माझ्या यंत्रावर ती मर्यादा साधारण दीड जीबीची. बाहेरची डिस्क संथ. साठवणीचा मजकूर मेमरीत भराभर साचायचा आणि तिच्यावर सावकाश उतरायचा. तोवर नोंदीचे लिहिणेही तटायचे, कॅमेऱ्याकडून येणारे चित्र मात्र थांबत नाही. धरायला जागा उरली नाही की फ्रेम पडतात. मोंढ्यात एकाच्या गाडीतली पोती उतरेनात म्हणून मागच्या सगळ्या गाड्या अडून राहाव्यात, तसे.

सकाळी ११.००

गाथा भजन. ओळ येते: अकरा वाजून शून्य मिनिटे. मी मंडपात जाऊन टाळ घेतो. यंत्रापाशी बसून राहायची गरज पडू नये, हीच तर व्यवस्था असते.

पखवाज वाजवणारा मुलगा मानवतचा आहे, अकरावीत शिकतो. हात असा की बोटे दिसत नाहीत. तो वाजवताना त्याच्याकडे पाहून मला वाटते, हा पंचवीस वर्षांनी मोठा पखवाजवादक असेल तेव्हा त्याला हे अकरावीतले वाजवणे पाहता आले पाहिजे.

दुपारी १२.४५

पंगतीची तयारी. वाढप्यांत माझे नाव आहे, पण त्याआधी जीझिपचे सांगून टाकतो, कारण लग्नाचे शूटिंग करणाऱ्या आसपासच्या गावांतल्या दोन मित्रांकडेही मला हीच चूक सापडली.

व्हिडिओ कॅमेऱ्यातून निघतानाच दाबलेला असतो. एच.२६४ ही पद्धत २००३ साली ठरली. ती एका फ्रेममधले पुढच्या फ्रेममध्ये न बदललेले सगळे गाळते आणि जे बदलले तेवढेच लिहिते. म्हणजे रस काढून झालेला आहे. त्यावर जीझिप चालवणे म्हणजे चिपाड पुन्हा चरकात घालणे. बैल दमतो, वेळ जातो, हाती थेंब येत नाही. मी मोजले तेव्हा शंभर जीबीतून एक जीबीही सुटत नव्हता, आणि त्यासाठी मी रोज गाथा भजनाचा अर्धा तास देत होतो. ज्यांच्या फायली मजकुराच्या आहेत, हिशेबाच्या आहेत, त्यांनी जरूर दाबाव्यात. व्हिडिओ दाबू नये.

दुपारी १.४०

जेवणे उरकली. एक ते चार या वेळात नोंद नसते आणि तेव्हा मी दुसरी प्रत काढतो. पहिल्या दिवसाचे २१० जीबी एका बाहेरच्या डिस्कवरून दुसऱ्या बाहेरच्या डिस्कवर. आतल्या डिस्कला यात हातही लागत नाही. दोन बाहेरच्या प्रती जुळल्याशिवाय आतली फाईल पुसायची नाही, हा माझा नियम. आत टेराबाइटभरच जागा आहे. तीन दिवसांचे ६३० जीबी बसलेले, आजचे २१० मिळून ८४० होतील. पहिला दिवस आज पुसला गेला नाही तर उद्या रात्रीच्या कीर्तनाला जागा पुरणार नाही.

आणि लाइट गेली.

सर्व्हर यूपीएसवर आहे, तो चालू राहिला. दुसऱ्या बाहेरच्या डिस्कचा अ‍ॅडॉप्टर मात्र साध्या बोर्डाला होता, कारण यूपीएसला भोके तीनच. डिस्क बंद पडली, प्रत अर्ध्यात तुटली. गेल्या वर्षी असे झाले असते तर टारचा गठ्ठा निम्म्यात फाटला असता आणि पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागला असता. यंदा गठ्ठा बांधतच नाही. आरसिंकने फायली सुट्या नेतो. १९९६ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी हे साधन लिहिले, आणि कमजोर वीज, कमजोर नेट असलेल्या आमच्यासारख्या गावांना ते फार उपयोगी पडते. पोहोचलेल्या फायली ते पुन्हा नेत नाही. उरलेल्या तेवढ्याच उचलते.

वीस मिनिटांनी लाइट आली. डिस्क पुन्हा जोडली, फाइल सिस्टीमची तपासणी झाली, प्रत पुढे चालू केली. अ‍ॅडॉप्टर आधी यूपीएसला लावला आणि त्या भोकातला पंखा काढला. आता उकडेल. चालेल.

दुपारी ३.००

गावातल्याच एक काकू पिशवी घेऊन आल्या. पिशवीत चार ऑडिओ कॅसेट. त्यांच्या सासऱ्यांच्या आवाजातले अभंग, पूर्वीच्या कुठल्यातरी सप्ताहातले.

"दादा, यातलं काही निघतंय का बघ की. लेकरानं ऐकायचं म्हणलंय."

दोन कॅसेटवर बुरशी धरली आहे. पांढरे ठिपके फितीच्या कडेला दिसतात. अशी फीत तशीच टेपमध्ये घालू नये; बुरशी हेडवर जाते आणि फीतही सोलते. आधी कोरडी करून, हळूहळू हाताने फिरवून स्वच्छ करावी लागते. बाकीच्या दोन बऱ्या आहेत. सप्ताह झाला की पहिले काम हेच, असे मी काकूंना सांगितले.

टार हे नावही फितीवरूनच आले आहे: टेप आणि अर्काइव्ह यांची आद्याक्षरे. १९७९ च्या युनिक्समध्ये ते आले, तेव्हा साठवण खरोखर चुंबकीय फितीवर व्हायची आणि सगळे एका ओळीत, एकामागून एक लिहावे लागायचे. फीत गेली, पण एका ओळीत गठ्ठा बांधायची ती रीत राहिली, आणि मी ती विचार न करता उचलली.

तरीही कुणी म्हणाले की एवढा त्रास आहे तर साठवणच सोडून दे, तर मी ऐकणार नाही. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षी आलेला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मात्र आजही पाहता येतो. एकाच्या प्रती जपल्या गेल्या, दुसऱ्याच्या नाही, एवढाच फरक. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली उभे राहिले, तोवर मूकपटांच्या जमान्यातले बहुतेक सगळे गेले होते. साठवण उशिरा सुरू झाली तर काय होते ते आपण पाहिले आहे. म्हणून साठवण करायचीच. ती कोणत्या वेळी आणि कोणाच्या वाटेत न येता करायची, एवढाच प्रश्न आहे.

दुपारी ४.००

प्रवचन. नोंद वेळेवर. दुसरी प्रत अजून ६० जीबी शिल्लक आहे. ती चालू ठेवली आहे, कारण ती आतल्या डिस्कला शिवत नाही आणि तिचा वेग मी बांधून टाकला आहे. बांधण्याच्या तीन जागा आहेत.

पहिली, आरसिंकलाच वेगाची मर्यादा सांगायची: सेकंदाला २५ मेगाबाइटच्या वर जाऊ नको. दुसरी, मेमरीत साचणाऱ्या मजकुराची मर्यादा दीड जीबीवरून २५६ एमबीवर आणायची, म्हणजे तुंबलाच तरी थोडाच तुंबेल. तिसरी, आयओनाइस नावाच्या हुकमाने साठवणीला शेवटच्या रांगेत बसवायचे: डिस्क रिकामी असेल तेव्हाच तुझी पाळी. या तिसऱ्यात एक मेख आहे आणि मी तिच्यात पहिले दोन दिवस अडकलो. डिस्कपुढची रांग लावणारा प्रत्येक शेड्युलर हा हुकूम सारखा पाळत नाही. जुना सीएफक्यू पाळायचा. तो २०१९ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, ५.० आवृत्तीत काढून टाकला. आता बीएफक्यू पाळतो, तो २०१७ पासून कर्नेलमध्ये आहे, पण माझ्या यंत्रात तो आपोआप निवडलेला नव्हता. मी हुकूम देत होतो, कुणी ऐकत नव्हते. शिवाय मेमरीतून डिस्कवर उतरवायचे काम शेवटी कर्नेल स्वतः करतो, तिथे हा हुकूम पुरता पोहोचत नाही. म्हणून तिन्ही बांध घालावे लागतात. एकाने भागत नाही.

संध्याकाळी ५.००

हरिपाठ. पाच वाजून शून्य मिनिटे.

मी मंडपाच्या मागच्या खांबाला टेकून पहिला अभंग पूर्ण ऐकला. गेल्या वर्षी सातही दिवस हा पहिला अभंग माझ्या डिस्कवर नव्हता आणि मला ते ठाऊकही नव्हते. कळले ते एका फोनने. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतली माणसे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सप्ताह गावात होतो आणि ती फडावर असतात. दिवसा मोळ्या बांधायच्या, रात्री-बेरात्री गाडी भरायची. थेट प्रक्षेपण त्यांच्या कामाचे नसते. खोपीवर आल्यावर फोनवर जेवढे मिळेल तेवढे पाहतात. गेल्या वर्षी सप्ताहानंतर पाच-सहा दिवसांनी सांगलीकडच्या फडावरून एका वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, हरिपाठाची सुरुवात कामून न्हाई? पोरगी आमची पहिल्याच अभंगाला पुढं उभी व्हती म्हणं. तिची आजी सांगायली. आमाला ती दिसंनाच गेली."

मुलगी आजीजवळ गावात राहून शाळा करते. ती पहिल्या अभंगाला पुढे होती, मग मागे गेली. आईने तिला चार महिने पाहिले नव्हते. माझ्याकडे ती १८ मिनिटे नव्हती, आणि कुठेच नव्हती. त्या फोननंतर मी सगळ्या नोंदींच्या वेळा तपासल्या आणि ११.३३ व ५.१८ हे दोन आकडे सात-सात वेळा समोर आले.

आज तीच मुलगी पुढे उभी आहे. दुसऱ्या कॅमेऱ्यात नीट दिसते.

संध्याकाळी ६.१५

हरिपाठ संपल्यावर गावच्या स्टेशनच्या बाजूने एक्स्प्रेसचा भोंगा ऐकू आला. परभणीकडून मानवत रोडकडे जाणारा आमचा मार्ग एकेरी आहे. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅलीची मीटरगेज आली, पुढे ब्रॉडगेज झाली, पण रूळ अजून एकच जोडी. म्हणून पेडगावसारख्या लहान स्टेशनात पॅसेंजर लूप लाइनवर घेतात आणि मेन लाइन एक्स्प्रेससाठी मोकळी ठेवतात. पॅसेंजर रद्द होत नाही, तिच्यातली माणसेही पोहोचतात. लहानपणापासून हे पाहतो आहे. सर्व्हरची मांडणी बदलताना 'वाट' हे फोल्डर मी केले ते याच लूप लाइनसारखे: नोंद झालेल्या फायली तिथे उभ्या राहतील, मेन लाइन मोकळी राहील.

दुसरी प्रत ४.५० ला पूर्ण झाली होती. आता दोन्ही प्रतींची बेरीज-तपासणी जुळली. पहिल्या दिवसाच्या फायली आतल्या डिस्कवरून पुसल्या. पुसायच्या आधी हुकूम दोनदा वाचला.

रात्री ९.००

कीर्तन. आजचे महाराज गंगाखेडकडचे, संत जनाबाईंच्या गावच्या बाजूचे. मंडप भरला आहे. पलीकडच्या वस्त्यांवरून ट्रॅक्टरमध्ये माणसे आली आहेत.

हरिपाठाची फोनसाठीची लहान फाईल आधीच तयार आहे. एका तासाच्या नोंदीतून १५० एमबीच्या आसपास फाईल निघते, फडावरच्या नेटवरही ती उतरते. हे लहान करायचे काम प्रोसेसर खाते, म्हणून तेही मी दोन नोंदींच्या मधल्या रिकाम्या वेळातच करतो, आणि तेही शेवटच्या रांगेत. पण साठवणीच्या मात्र पुढे. गेल्या वर्षी लहान फाईलही साठवण पूर्ण होईपर्यंत अडून राहायची. आजचा हरिपाठ उद्या दुपारी जायचा. यंदा रात्री साडेआठला गेला. साठवणीचा मजकूर उद्या पोहोचला तरी कुणाचे बिघडत नाही. खोपीवर फोन हातात घेऊन बसलेल्या माणसाचे बिघडते.

रात्री ११.३०

कीर्तन संपून आरती झाली. जागराचे भजन चालू आहे, त्याची मी नोंद करत नाही. आता पहाटे चारपर्यंत मेन लाइन मोकळी आहे, आणि आता साठवणीची पाळी. वेगाचा बांध काढून आजचे २१० जीबी पहिल्या बाहेरच्या डिस्ककडे सोडले.

सुरुवातीला सेकंदाला ११० मेगाबाइट. काही मिनिटांनी ४०, मग २५ वर येऊन स्थिरावले. या स्वस्त मोठ्या डिस्क अशाच असतात. त्यांच्यातले पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त मावते. पण मधले एक कौल बदलायचे तर त्यावरची उचलावी लागतात. डिस्क आधी एका मोकळ्या पट्टीत भराभर घेते, ती भरली की तिचा खरा वेग दिसतो. विकत घेताना खोक्यावर हे ठळक लिहिलेले नसते. एकदा साठवून पुढे फक्त वाचायचे असेल तर ही डिस्क चालते. चालू नोंदीसाठी घेऊ नका, हे मी कुणालाही सांगेन.

२१० जीबीला २५ च्या वेगाने दोन तास वीस मिनिटे. त्यानंतर वाचून तपासायला अर्धा-पाऊण तास. अडीच-तीनपर्यंत उरकते. साठवण गेल्या वर्षीइतकीच संथ आहे, डिस्कही तीच आहे.

मी सतरंज्यांच्या ढिगावर अंग टाकले. मंडपात वीणेचा पहारा बदलल्याचा आवाज येतो, बारा वाजले.

पहाटे ३.३०

गजर होण्याआधी जाग आली. पडद्यावर चार ओळी आहेत. साठवण पूर्ण १.५१. तपासणी पूर्ण २.२९, फरक शून्य. कालच्या सहाही नोंदी वेळेवर सुरू, पडलेल्या फ्रेम शून्य. आतल्या डिस्कवर ३६० जीबी मोकळी.

फोनवर सांगलीकडून रात्री सव्वा वाजता आलेला निरोप आहे: "दिसली."